मास्तरांच्या गिटारचे खड्डे

अंधारात बसून पोट भरणाऱ्यांकडं किस्से लई साठतात बघा! आम्ही मूक सिनेमाचे वाजवणारे. पडद्याखाली तिघं बसायचो: मी तबल्यावर, किष्टय्या पेटीवर आणि दाविद मास्तर गिटारवर. सोलापुरात तेव्हा गिटार म्हणजे नवलच. पब्लिक आधी गिटार बघायचं, मग सिनेमा!

*

मायदेशी निघालेल्या एका पाद्र्याकडून मास्तरांनी ती घेतलेली. वाजवून वाजवून तारांखालच्या लाकडी पट्टीला बोटांचे खड्डे पडलेले. तेही पट्टीवरच्या सुरांच्या पहिल्या तीन-चार घरांतच; पुढची पट्टी कोरी करकरीत!

किष्टय्या म्हणायचा, "मास्तर, पुढची घरं भाड्यानं द्या की!"

मास्तर हसायचे. "अरे, अंधारात दिसतंय कुणाला? बोट खड्ड्यात पडलं, की सूर बरोबर!"

*

एकदा आमच्यापाशी असायचा तो मिणमिणता कंदीलही विझला. पेटी भरकटली, माझा ठेका सांडला. मास्तर एकटे ऐटीत वाजवत राहिले. टाळ्याही त्यांनाच!

*

मॅनेजर तात्यांना मात्र ते खड्डे खुपायचे. "बड्या लोकांसमोर असलं भिकार वाद्य?" त्यांनी गिटार परस्पर महबूबचाचांकडं धाडली. चाचा सतारी दुरुस्त करायचे. त्यांनी गुळगुळीत नवी पट्टी बसवून दिली.

त्या संध्याकाळी पडद्यावर हिरॉइनीचा बाप मेला. मास्तरांचं बोट एक घर चुकलं आणि रडकी चाल चक्क वरातीची झाली! पब्लिक खो-खो हसलं.

तात्या कडाडले, "पुन्हा असं झालं, तर पेटी-तबल्यावर भागवीन!"

मास्तरांच्या घरी खाणारी तोंडं ढीगभर. त्या रात्री आम्हालाही जेवण गेलं नाही.

*

सकाळी मास्तर चाचांच्या दारात. "चाचा, माझे खड्डे परत द्या!"

"खड्डे मैं कां से लाऊं मास्तर? वो तो तुम्हारी उंगलियां बनाईं!"

"मग जुनी पट्टी कुठाय?"

चाचींनी ती खिडकीला अडसर म्हणून लावली होती! मास्तरांनी दोन दिवस तापाचं सोंग घेतलं. तोवर चाचांनी जुनी पट्टी परत चिकटवली आणि तेल चोळून चकाचक केली.

*

तिसऱ्या दिवशी तोच बाप पुन्हा मेला. मास्तरांनी डोळे मिटले, बोटं खड्ड्यांत टेकवली आणि अशी वाजवली, की बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या.

खेळ सुटल्यावर तात्या धावत आले. मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? नवी पट्टी टाकली की कसं वाजतंय! उद्या किष्टय्याची पेटीपण चाचांकडं द्या!"

किष्टय्यानं पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.