डावऱ्याची खूण

डावऱ्या जेवायचा उजव्या हातानं, लिहायचाही उजव्याच हातानं. आईनं चिमटे काढून काढून लावलेलं वळण होतं ते. डावा हात त्यानं फक्त बॉलसाठी राखून ठेवला होता. बालाघाटजवळच्या भरवेलीत आमच्या मँगनीज खाणीच्या कॉलनीतल्या पोरांना क्रिकेटचं वेड, आणि आम्ही दोघं मात्र शाळेच्या खेळाच्या सरांनी कुठूनशी आणलेल्या बेसबॉलच्या नादी लागलो. तो बॉल फेकणारा पिचर, मी बॅटवाल्याच्या मागं बसून तो पकडणारा कॅचर. खाणीच्या काळ्या धुळीनं बॉल दोन दिवसांत कोळशासारखा व्हायचा आणि माझी पँट त्याहून काळी. शिव्या मात्र मलाच बसायच्या, कारण पिचर उभा असतो आणि कॅचर धुळीत बसतो.

जगभर कॅचर खूण करतो आणि पिचर मान हलवतो. आमच्याकडे सगळं उलट. "बॉल माहा, तं हुकूमबी माहाच," असं डावऱ्याचं म्हणणं. कपाळाचा घाम पुसला की सरळ, छातीच्या उंचीचा वेगवान बॉल. कानाची पाळी धरली की शेवटी खाली बसणारा. ही खूण आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती, सरांनासुद्धा नाही. मी कधी विचारलं, "पक्कं नं बे?" तर तो चिडायचा. "मानूस झूठ बोलते, हात नाही बोलत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी ते वाक्य देवाच्या अंगाऱ्यासारखं कपाळाला लावून घेतलं होतं. खाली बसणारा बॉल तर मी डोळे मिटून पकडायचो. खरंच.

मग एका मोठ्या खात्याच्या संघाची निवड चाचणी जबलपूरला निघाली. खेळावर नोकरी मिळणार होती. डावऱ्या माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जाऊ तं दोघंबी जाऊ, नाहीतं कोनीच नाही जात." मी पिशवी भरून ठेवली. ठरलेल्या सकाळी त्याच्या घरी गेलो तर त्याची आई दारातच भेटली. "तो तं कालच गेला नं बापू! तुले सांगतलं नाही?" त्या माउलीचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला. तिनं मला बसवून चहा पाजला. 

तरी मी त्याची बाजूच घेत राहिलो. घाई झाली असेल, त्यांच्याकडे कॅचर असेल, माणसाला नोकरी नको का? तो राज्याकडून खेळला, राष्ट्रीय स्पर्धेत गाजला, भारताची टोपी घालून परदेशात जाऊन आला. प्रत्येक वेळी मी बालाघाटच्या चौकात पेढे वाटले. लोक म्हणायचे, "ये तो दूल्हे से ज्यादा खुश है." असा मी भाबडा.

पुढे राज्य स्पर्धेत आमचा जिल्हा त्याच्या संघासमोर आला. शेवटचा डाव, आणि माझ्या हातात बॅट. डावऱ्यानं कपाळ पुसलं, सरळ बॉल आला. कान धरला, बॉल खाली बसला. दोन्ही टोलावले, दोन्ही रेषेबाहेर गेले; आता तिसरा हुकला की मी आउट. पण खूण तीच होती, आमची! मला इतका आनंद झाला की सामना विसरलो. वाटलं, गडी मला विसरला नाही. त्यानं पुन्हा कान धरला. मी खाली बसणाऱ्या बॉलसाठी बॅट खालून फिरवली, आणि बॉल छातीसमोरून सरळ निघून गेला. त्यांच्या कॅचरचा हात आधीपासूनच वर होता. म्हणजे त्याला सांगून ठेवलेलं होतं. मी आउट झालो याचं दुःख नाही हो. जगात फक्त मीच ज्या खुणेवर विश्वास ठेवणार होतो, तीच त्यानं माझ्यावर चालवली.

गेल्या हिवाळ्यात भरवेलीच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. सूत्रसंचालकानं हिंदीत त्याची सारी कामगिरी वाचली. डावऱ्या माइकवर म्हणाला, "सगळ्यात भारी आउट कोनता सांगू? माह्याच दोस्ताचा!" लोक खो खो हसले. मीही हसलो, सगळ्यांत बसल्यावर दुसरं काय करणार? मग त्यानं हाक मारली, "ये बे, एक बॉल पकड. माहा कॅचर तूच."

गेलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. समोर पोट सुटलेला, केस पांढरे झालेला डावऱ्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश कानाची पाळी धरली.

मी ग्लोव्ह छातीसमोर धरला.

बॉल आला आणि अगदी पूर्वीसारखा शेवटी खाली बसला. माझ्या दोन पायांमधून निघून मागच्या कनातीवर आदळला. मैदान पुन्हा हसलं. डावऱ्या मात्र हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "काहून बे, कान धरला होता नं म्या? दिसला नाही?"

"दिसला होता," मी म्हणालो.

तो तसाच उभा राहिला, डावा हात लोंबता सोडून. मी बॉल आणायला कनातीकडे गेलो.