ग्रुपवर जाहीर केलेलं कन्यादान

देवासच्या कॉलेजात मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. इतकं शिकवलं की वर्गातल्या पंख्यांनीसुद्धा परीक्षा दिली असती तर दुसऱ्या वर्गात पास झाले असते. शिकवायचो हिंदीत, भांडायचो माळवीत. संशय मात्र घ्यायचो मराठीत. तो गुण घराण्यातला. पूर्वज संस्थानच्या दप्तरात होते, आणि दरबारात कोण कुणापुढे किती वाकलं हे त्यांना तोंडपाठ असायचं म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्यात कन्यादानाला जोडपं बसतं, तेव्हा धारचे दादा-वहिनी बसणार हे माझ्या मनात पक्कं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, निवृत्त हेडमास्तर. मुलीचंही तेच म्हणणं. "काका-काकूच हवेत, बाबा. दुसरं कुणी बसलं तर मी सरळ कोर्टात जाऊन सही करीन."

मी तत्काळ पत्रिका कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'कन्यादान : दादा व सौ. वहिनी.' ग्रुपवर चाळीस माणसं. नेमावरच्या मावसभावाने अख्खी नर्मदा फोटोत घालून अभिनंदन पाठवलं. बागलीच्या आत्याने इतके जोडलेले हात पाठवले की तिच्या बोटाला नक्की फोड आला असेल. दादांकडून काहीच नाही. मेसेज कुणीकुणी वाचला ते उघडून पाहिलं, तर दादांचं नाव पहिलं!

पूर्वी पत्राला उत्तर आलं नाही की शिव्या पोस्टाला बसायच्या. पोस्टाने अशी किती नाती वाचवली याची कुणी नोंद घेतली नाही. आता माणूस गप्प बसला की ते गप्प बसणंही निळ्या शिक्क्यासह घरपोच येतं.

वर्गात मी एका गोल तुरुंगाची थिअरी शिकवायचो. मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. मनोऱ्यात शिपाई आहे की नाही हे कैद्याला दिसत नाही, म्हणून तो सदा नीट वागतो. पोरं विचारायची, "सर, ये जेल है कहाँ?" आता सांगता आलं असतं, खिशात आहे बेटा. मीही मनोऱ्यात ठाण मांडलं. दादा किती वाजता ऑनलाइन आले, किती वेळ थांबले, सगळं पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टेटस ठेवलं, पिवळ्या गुलाबावर 'मान मागून मिळत नसतो.' मी उगवत्या सूर्यावर उत्तर दिलं, 'मोठेपण नुसत्या वयाने येत नसतं.' वहिनींचा बदनावरचा भाऊ, सोयाबीनचा व्यापारी, त्याने माझ्या स्टेटसला अंगठा दाखवला आणि 'दादांनाही पाठवलाय' असं वर मलाच कळवलं. झालं! दोन्हीकडे अंगठा दाखवणारा माणूस दोन्हीकडे कान फुंकतो, हे सांगायला समाजशास्त्र कशाला लागतं?

आठ दिवस मी त्या बिचाऱ्याला दोषी धरून हिंडलो. शेवटी मुलीने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"बाबा, तुम्ही काकांना विचारलंत का?"

"विचारलं म्हणजे? सबंध खानदानासमोर जाहीर केलं!"

"जाहीर केलंत. विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? ते थोरले आहेत."

"म्हणूनच. थोरल्याच्या हातावर अक्षत ठेवतात, पीडीएफ नाही. तीन आठवडे राहिलेत. उद्या सकाळच्या बसने निघा."

इंदूरला बस बदलली. गर्दी एवढी की माझा डावा पाय धारला पोचला तेव्हा उजवा अजून इंदुरात होता. कंडक्टर म्हणत होता, "भिया, थोड़ा भीतर सरको, अभी तो आधा मालवा बाकी है." वाटेत मी थिअरी जुळवत बसलो. चाळीस जणांना एकदम पोचलेलं आमंत्रण त्यातल्या एकालाही दिलेलं नसतं, असं काहीसं सुचलं. पण ते आपल्याच विरुद्ध जातंय असं दिसताच सोडून दिलं.

दादा पुढच्या खोलीत बसले होते.

"इकडे कुठे?"

"कॉलेजचं काम होतं."

"तू रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

"म्हणजे, पेन्शनचं."

"पेन्शन देवासात मिळते." त्यांनी चष्मा काढला. "मंगळवारी सकाळी सव्वानऊला ऑनलाइन होतास. बुधवारी चारदा. एक फोन करायला बोटं नव्हती?"

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवत होतात?"

"अरे, मी स्टेटस ठेवलं की दोन मिनिटांत पाहणाऱ्यांत पहिलं नाव तुझं. म्हटलं, मासा गळाभोवती फिरतोय, तोंड उघडत नाही."

मनोऱ्यात मी एकटाच नव्हतो तर!

मग दादा हळू बोलले. "मी कन्यादानाला बसणार हे मला चाळीस जणांबरोबर कळलं. माझे गुडघे पाहिलेस? पाटावर दोन तास कसा बसू? पण पोरीच्या लग्नात, सगळ्यांसमोर, 'नाही' असं लिहू कसं? म्हणून गप्प राहिलो."

पिशवी चाचपली. देवासहून मी पेढे आणले होते. अक्षत आणायची राहिलीच होती. तेवढ्यात वहिनी हातात वाटी घेऊन आल्या.

"भाऊजी, ही घ्या. बाहेर जा, चपला घाला, आणि नीट आत या."

बाहेर गेलो. शेजाऱ्याने स्कूटर थांबवली. "क्या भिया, निकाल दिया क्या?"

"नहीं, फिर से भेज रहे हैं."

वाटीत पाहिलं तर कुंकवाच्या अक्षता पार कोरड्या. तांदूळ रंगवून असे वाळायला सकाळ तरी जाते. मी येणार हे मुलीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. बदनावरचा तो माणूस एका क्षणात निर्दोष सुटला आणि माझा संशय माझ्याच घरात शिरला.

पण विचारलं नाही. आत गेलो, दादांच्या हातावर अक्षत ठेवली, वाकून नमस्कार केला.

"दादा, पोरीला आई नाही. तुम्ही आणि वहिनी बसाल का?"

त्यांनी मूठ मिटली.

"बसू. पण मला खुर्ची लागेल. भटजींना आत्ता फोन कर."

मी उभ्या उभ्याच फोन लावला. दादा भिंतीला धरून उठले आणि माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले, मी खरंच खुर्चीचं सांगतो की नाही ते ऐकायला.