स्विच एमएफवर होता

चार रोल. एकशे चव्वेचाळीस फोटो. एकही धड नाही.

चूक माझी होती.

आज दसरा. आमच्या ह्यांना जाऊन तिथीनं सहा वर्षं झाली. त्या चुकीची गोष्ट घरात आम्हां दोघांनाच माहीत होती. आता एकटीलाच आहे, म्हणून लिहिते.

ह्यांचा कोल्हापुरात छोटा फोटो स्टुडिओ होता. पोटासाठी लग्नं, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो. जीव मात्र मोटारसायकलच्या रेसमध्ये. कळंब्याकडच्या माळावर मातीतल्या रेस असायच्या. सकाळी जायचे, ते संध्याकाळी नाकाकानात लाल माती घेऊन परत.

शर्ट धुवायला मी होतेच.

नव्वदच्या सुमाराला सगळं हातावर होतं. वळणावर चुन्याचा ठिपका टाकायचे, भिंग फिरवून त्या ठिपक्यावर फोकस लावून ठेवायचे आणि चाक तिथं आलं की बटण.

"गाडीच्या मागं पळायचं न्हाय. गाडी येणार कुठं, ते धरून बसायचं," म्हणायचे.

दोन हजार साल उलटलं आणि घरात ऑटोफोकसचा कॅमेरा आला. जुनं चालत असताना नवीन कशाला, ही माझी सवय. मी बोललेच.

"चांगलं हातानं फिरवत होतासा की. हाताला काय झालं?"

"हाताला काय न्हाय झालं."

एवढंच म्हणाले. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

मी मॅट्रिक झालेली बाई, पण मला सगळं समजावून सांगायचे. पळत्या गाडीसाठी सर्व्हो मोड लावायचा. कॅमेऱ्यातनं बघताना दिसणारा मधला पॉइंट रायडरच्या हेल्मेटवर ठेवायचा. बटण अर्धं दाबून धरायचं आणि गाडीबरोबर कंबरेतनं फिरायचं. गाडी जवळ येईल तसा कॅमेरा आपला आपण फोकस बदलत राहतो.

"बटण सोडायचं न्हाय बघ. सोडलं की गेली गाडी."

साध्या मोडमध्ये फोकस लागला की कॅमेरा बीप करतो. सर्व्होत तो गप्प असतो. लागला की नाही, ते आपल्या डोळ्यांनीच बघायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखी विळी, शिलाई मशीन आणि ह्यांचा कॅमेरा पाटावर मांडला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला सकाळी रेस होती. ह्यांची निघायची घाई. मी ओल्या फडक्यानं भिंगावरचं कुंकू पुसलं.

भिंगाच्या बाजूला एक बारीक स्विच असतो. एएफ म्हणजे आपोआप, एमएफ म्हणजे हातानं. पुसताना तो सरकला. मला पत्ता नाही.

त्या रेसला कागलचा बापू पहिला आला. गॅरेजवाला. कैक वर्षं गाडी पळवत होता, पहिल्यांदा जिंकला.

फोटो धुवून आले. नुसती धूळ, आणि धुळीतनं जाणारं काहीतरी.

बापू स्टुडिओत आला. एकेक फोटो बघत म्हणाला, "दादा, माती लई झकास आलीया. मी कुठं हाय?"

हसला. पण फोटो हातातनं खाली ठेवेना.

ह्यांनी कॅमेरा उचलला. भिंगावरून बोट फिरवलं. थांबले.

"स्विच एमएफवर हाय. माझाच हात लागला असंल."

मी चहा घेऊन तिथंच उभी होते. ते कुंकवाचं फडकं डोळ्यांसमोर आलं.

बोलले नाही.

आठ दिवस बोलले नाही. हे येईल त्या रायडरपुढं हात जोडत होते, "चुकलं माझं." आणि मी संध्याकाळी दिवा लावताना देवीच्या तोंडाकडं बघत नव्हते.

नवव्या दिवशी सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"स्विच कुणी का हलवंना," म्हणाले. "चार रोल भिंगातनं मी बघत हुतो. धूसर हाय, हे मला कळाय नको?"

मग हळूच म्हणाले, "मला रोजच तसं दिसतंय. वर्ष झालं."

म्हणून आला होता तो ऑटोफोकस. हाताला खरंच काही झालं नव्हतं.

साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. उपचार झाले. राहिलं तेवढं राहिलं. पुढच्या वर्षी स्टुडिओ बंद केला.

त्याआधी एकदा रेसला मीच ह्यांना घेऊन गेले. जन्मात कधी त्या माळावर पाय ठेवला नव्हता. स्विच तीनदा बघितला. वळणावर ह्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले.

"बापू आला का?"

"न्हाई अजून... आला, आला! लाल हेल्मेट! डावीकडं, अहो डावीकडं!"

"कानात सांग की. बापूला सांगायलीस का मला?"

अख्ख्या रोलात एक फोटो लागला. पण असा लागला, की हेल्मेटवरचा ओरखडासुद्धा दिसावा. बापूच्या गॅरेजात तो आजही देवांच्या शेजारी आहे.

फोटो आला तेव्हा ह्यांनी तो हातात घेतला, उजेडाकडं धरला, मग माझ्याकडं दिला.

"डोळं दिसत्यात का त्याचं?"

"दिसतात. काचेतनं दिसतात."

"मग झालं."

त्यानंतर कॅमेरा हातात घेतला नाही.

पुढची वर्षं मी हात धरून नेलं. ताटात भाजी कुठं, भाकरी कुठं, ते सांगितलं. पायरी आली की सांगितलं. दमले, खोटं कशाला बोलू. आता दुपारची अंगणात बसते आणि सांगायला कुणी नाही, त्यानंही दमते.

काल खंडेनवमी झाली. कॅमेरा पाटावर मांडला. कुंकू कॅमेऱ्याला लावत नाही आता, त्याच्या पिशवीला लावते. सेल कधीच काढून ठेवलेत. रोल कुठं मिळतो, मला माहीत नाही.

तरी उचलायच्या आधी भिंगाच्या बाजूनं बोट फिरवून बघितलं.

एएफवर आहे हो.

तुम्ही असाल तिथं निवांत असा. माझा नमस्कार.