पाच स्टारचा वळू

किस्से जमवावे लागत नाहीत. आमच्या ऑफिसात ते सिंकमधल्या न धुतलेल्या कपांसारखे आपोआप साठतात. इथे परदेशात, गिरावीन या आमच्या उपनगरात मराठी मंडळी जमली की आग्रह ठरलेला, "तुझ्या वळूंचं सांग ना." मी सांगते. पहिले दोन-तीन किस्से सगळे हसत ऐकतात, मग कुणीतरी चहा ठेवायला उठतं.

* * *

बीफसाठी पाळलेल्या गुरांमध्ये पैदाशीला कोणता वळू चांगला, त्याचं रेटिंग आमची कंपनी देते. युनिव्हर्सिटी संपल्यावर मला मिळालेला हा पहिलाच जॉब. आईला फोनवर समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे वधूवर सूचक मंडळच की!"

मी खूप हसले. मग तिने विचारलं, "आणि त्या वासरांचं पुढे काय होतं गं?"

मी हवापाण्याचं बोलायला लागले. पुण्यात ती सगळ्यांना मी पशुसंवर्धनात आहे असं सांगते. माझ्या कामाची चौकशी तिने त्यानंतर केलेली नाही.

* * *

पूर्वी एकेका वळूपुढे आकड्यांची रांग असायची. वासराचं जन्माचं वजन, वाढ, लेकींना दूध किती, असं बरंच काही. शेतकरी वैतागायचे. आमचा बॉस ग्लेन नवा फ्रिज घ्यायला गेला, त्यावरचं वीजबचतीच्या स्टारचं स्टिकर त्याने पाहिलं आणि सोमवारी येऊन म्हणाला, "फ्रिज घेताना मागची मोटर कोण उघडून बघतं?"

झालं. सगळे आकडे एकत्र घोटून एका वळूला एकच रेटिंग. त्यात वाढीला सगळ्यात जास्त भाव. मी म्हटलं, झपाट्याने वाढणारी वासरं बहुतेकदा जन्मतानाच मोठी असतात, लहान गाय विताना अडेल, जन्माच्या वजनाचं तेवढं रेटिंग तरी वेगळं दाखवू. ग्लेन म्हणाला, "दोन रेटिंग दिली की ते सोपं राहत नाही." नो वरीज, असंही वर म्हणाला.

* * *

पहिल्याच सीझनला एका माणसाने लिलावात पाच स्टारचा वळू घेतला आणि महिन्याभराने हेल्पलाइनला फोन केला. वळू झाडाखालून हलत नव्हता. त्याचे खूर वाकडे होते, चालायला लागला की दुखायचे. खूर आमच्या रेटिंगमध्ये नव्हतेच.

मी विचारलं, घेताना चालवून पाहिला नाहीत का? तो म्हणाला, "पाच स्टार होते, म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नाही."

हा किस्सा ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत ग्लेन स्वतः सांगतो. त्या वळूला शेवटी कत्तलखान्यात पाठवलं, एवढंच सांगत नाही.

* * *

मग रॉसचा फोन आला. डबो गावाच्या पलीकडे त्याचं रान. दुष्काळात सगळा कळप विकला, फक्त बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या कालवडी ठेवल्या. त्यानंतर बायको वारली. आता त्या कालवडींवरच कळप पुन्हा उभा करायचा होता. लिलावातल्या एका पाच स्टारच्या वळूचं नाव घेऊन त्याने विचारलं, "माझ्या सगळ्या पहिलारू आहेत, पहिल्यांदाच विणार. त्यांना झेपेल ना हा?"

मी जुने आकडे उघडले. जन्माचं वजन भारी होतं. मी त्याला म्हटलं, हा नको, त्याच्या शेजारचा तीन स्टारवाला घ्या.

तो म्हणाला, "मग याला पाच कशाला दिलेत?"

ग्लेनने शेजारच्या डेस्कवरून ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाला, स्टारवर विश्वास ठेवा असं आपणच लोकांना सांगतो, आता उलटं बोलू नकोस. लिलावात रॉसने माझ्यापेक्षा स्टारवर विश्वास ठेवला, पाचवालाच घेतला.

* * *

कालवडी व्यायच्या दिवसांत ग्लेन आणि मी रॉसकडे गेलो. वासरं मोठी होती, कालवडी अडल्या होत्या, डॉक्टर लांबच्या गावाहून यायचा. निम्म्याहून जास्त कालवडी गेल्या होत्या. कुंपणाआड एक सकाळपासून आडवी पडून होती. वळू मात्र मजेत चरत होता.

रॉस आवाज चढवेल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. त्याने चहा केला, मला साखर विचारली. ग्लेन सरासरीबद्दल बोलत राहिला. रॉस खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कुठलीही भेट संपली की कस्टमरपुढे टॅबलेट धरायचा आणि आमच्या सर्व्हिसला स्टार द्यायला सांगायचं, हा कंपनीचा नियम. आज तरी ग्लेन टॅबलेट काढणार नाही असं मला वाटलं. निघताना दाराशी त्याने सवयीने काढला.

रॉसने आधी नळावर हात धुतले, पँटला पुसले, खिशातून चष्मा काढून लावला.

"कुठे दाबायचं?"

ग्लेनने दाखवलं. रॉसने एकेक करून पाचही स्टार दाबले, टॅबलेट ग्लेनच्या हातात दिला आणि पडलेल्या कालवडीकडे चालत गेला.