नानाने न चाखलेली गोळी

नाना गेल्याचा फोन आला, आम्ही दोघं निघालो, आणि वाटेत कट्टा गावी एसटी थांबली तसा मी खाली उतरून खाज्याचा पुडा घेऊन आलो. मयताच्या घरी गुळाचं खाजं घेऊन निघालेला मालवण तालुक्यातला मी पहिलाच इसम असेन. बायकोने पुड्याकडे पाहिलं आणि तो पिशवीच्या तळाशी घातला. मला रडू आलं नाही... तेव्हा नाही, नंतरही नाही.

खाजं घेतलं ते सवयीने, दुसरं काय. नाना माझा चुलतभाऊ, कुडाळचा दातांचा डॉक्टर. खाऊ, पेस्ट, दंतमंजन दातांना सुरक्षित आहे का हे बघून शिक्का देणाऱ्या एका संस्थेसाठी तो तपासणी करायचा. खरी तपासणी प्रयोगशाळेत. पण घरी आधी माझ्यासारख्या रिकामटेकड्याचं तोंड असायचंच. मी काहीतरी घेऊन जायचं, खायचं, मग अर्धा तास गप्प, पाणीसुद्धा नाही, आणि शेवटी जिभेवर, तोंडात आम्ल झालं की रंग बदलणारी कागदाची पट्टी. खाजं दर वेळी नापास व्हायचं आणि उरलेलं नानाच संपवायचा.

वयनीने, म्हणजे नानाच्या बायकोने, बचतगटातल्या बायकांना घेऊन कोकमाच्या बिनसाखरेच्या गोळ्या सुरू केल्या. गोव्याचा दुकानदार शिक्का असेल तरच माल उचलणार होता. नानाने गोळी चघळली, पट्टी बघितली.

"धाडू नको. साखर नाय ता खरा, पण आंबटान दात झिजतले."

"घरच्या गोळयेक तरी हो म्हणा."

"दाताक खंय कळता, गोळी कोणाच्या बायलेची ती?"

वयनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग कोकम कमी करून पुन्हा पातेलं चढवलं. पुन्हा नानाचं नाही. पुन्हा पातेलं... असं वर्षभर चाललं होतं.

परवा त्याच्या घरी, सगळं उरकून माणसं पांगल्यावर वयनीने नवी बरणी पुढे केली. "भावजी, चाखा. ह्येंनी बघूक नाय."

मी गोळी तोंडात टाकली आणि नकळत घड्याळाकडे पाहिलं. चहा आला, निवला. गोळी आंबटच होती, दात शिवशिवत होते. अर्ध्या तासाने मी म्हटलं, "मस्त झाली, वयनी. धाडून द्या."

वयनीने झाकण लावलं, बरणी फळीवर नानाच्या पट्ट्यांच्या डबीशेजारी ठेवली आणि निवलेला चहा आत नेला.

परतीच्या वाटेत बायको म्हणाली, "मस्त कित्याक म्हटलात? तिका नानांसारखो नाय म्हणणारो कोणतरी होयो होतो."