खिळ्यावरची किल्ली

पोलीसभरतीवाले कॉलेजात आले आणि त्यांनी पोरांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, पोलिसात का यायचंय? कुणी लिहिलं थरार, कुणी पक्की नोकरी, एकाला तर श्वानपथकातच जायचं होतं. योर्डिसने लिहिलं, ‘चार तास.’

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचं तिचं बेट. तिथली चौकी सहा वर्षांपूर्वी बंद झाली. आणि बंद करताना पत्रक काय वाटलं, तर ‘पोलीस आता तुमच्या अधिक जवळ’! बेटावर घराची किल्ली बाहेर खिळ्याला लटकते. शेजारी येतो, मासे ठेवून जातो, वारा सुटला तर खिडक्या लावून जातो. त्याच किल्लीने एका रविवारी भरदुपारी शेजारच्या बोर्गहिल्डआजीचा कोरे नावाचा लेक दारू पिऊन तिच्या घरात शिरला आणि त्याने आईचा हात मोडला. योर्डिसने होडीचं वल्हं उगारून त्याला बाहेर काढलं, दाराला टेबल लावलं, पोलिसांना फोन केला.

"गाडी निघालीय, फेरीबोटीची वाट बघतेय."

चार तास. कोरे पायरीवर बसून शिव्या घालतोय आणि आजी मोडका हात मांडीवर धरून म्हणतेय, "आत घे गं त्याला, गारठेल."

पोलीस महाविद्यालयाच्या मुलाखतीत तिने हेच सांगितलं.

"राग फार आहे तुझ्यात," समोरचा साहेब म्हणाला. "पोलिसाला तो परवडत नाही."

इथे गोड बोललं की जागा पक्की, हे तिला कळत होतं. आईने बजावलंही होतं, ‘तोंड आवर, बाई.’

"राग नसता तर मी घरात बसून राहिले असते," ती म्हणाली. "तुमचे शांत डोक्याचे लोक तेव्हा कुठे होते?"

साहेबाशेजारी बसलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "शिकून बेटावर परत जाशील?"

"चौकी उघडा, लगेच जाते."

"ते आमच्या हातात नाही."

"मग विचारता कशाला?"

तरी जागा मिळाली. पत्र घेऊन ती आधी आजीकडे गेली. खिळा रिकामा होता. हाक मारल्यावर आतली कडी निघायला बराच वेळ लागला.

"झालीस ना पोलीस?" आजीने विचारलं.

"तीन वर्षं शिकायचंय अजून."

"असू दे. मग मी फोन केला की तू येशील ना लवकर?"

योर्डिसने पत्राची घडी घातली.

"फेरीबोट तीच आहे, आजी."