फुलं पुढे, माणसं मागे

आमच्या घरी फुलं पुढे बसायची आणि माणसं मागे.

गिरणारे रस्त्याला आमचं छोटं रान आहे. झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी आधी सायकलवर फुलं वाहिली, मग एक पिकअप घेतली, तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस मावेल एवढीच जागा. पण त्या शेजारच्या सीटवर माणूस कधी बसलाच नाही. तिथं गुलाबाचे क्रेट. वारा लागला की गुलाबाच्या पाकळीची कड काळी पडते, आणि अशा फुलाला गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून आई मागे हौद्यात, झेंडूच्या क्रेटांमध्ये अंग चोरून बसलेली. थंडीत साडीवरून दादांचा जुना स्वेटर. पावसात ताडपत्री फुलांवर, आमच्यावर नाही. घर फुलांवर चालत होतं, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटायचं नाही.

मीही तशीच कॉलेजला गेले, आईशेजारी हौद्यात बसून. दप्तर पोटाशी धरून. वर्गात मैत्रिणी माझ्या केसांतून पाकळ्या वेचायच्या. "आज कुणाचं लग्न गं?" म्हणायच्या. मी म्हणायचे, "तुझंच. नवरा तेवढा शोध." अशी मी मेकॅनिकलची इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

अंबडला पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. हातात जरा पैसा आला, आणि नेमकी आईची कंबर धरली. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो पाहून सांगितलं, "हौद्यात बसणं बंद. असेच धक्के बसत राहिले, तर पुढे उठणं अवघड होईल."

आई घरी बसली. दादा एकटेच बाजारात जाऊ लागले. दादांना रान कळतं, गिऱ्हाईक कळत नाही. पहिला जो भाव मागेल त्याला ते क्रेट उचलून देतात. संध्याकाळी आई विचारायची, दादा सांगायचे, आणि आई म्हणायची, "एवढ्यात? त्यापेक्षा म्हशीला घालायची होती."

पण खरं दुखणं भावाचं नव्हतं. फुलबाजारात आईची ठरलेली जागा आहे. हार करणाऱ्या बायका तिच्याकडूनच शेवंती घेतात, घरची सुखदुःखं तिथंच उकलतात. त्या दादांना विचारायच्या, "मावशी कुठंय?" दादा येऊन सांगायचे, आणि आई उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. पहाटे पिकअप सुरू झाली की ओट्यावर येऊन उभी राहायची. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तिथंच.

"गुलाब मागे टाकू, तू पुढं बस," दादा म्हणाले.

"म्हणजे माझ्यापायी माल खराब करायचा? नाय बसणार."

नातेवाइकांनी सल्ला दिला, ही डबडी विका, दोन रांगांची नवीन घ्या. दादा म्हणाले, "तिच्यावर घर उभं राहिलंय. मी नाय विकणार."

मी म्हटलं, "मग तिलाच वाढवू."

गाडीचं माप घेण्याआधी मी आईचं घेतलं. तिला स्टुलावर बसवलं, पाठीपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली, पाय किती उचलता येतो ते पाहिलं. पाथर्डी फाट्यावर बॉडीचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना कागद दाखवला. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, केबिन वाढवायची का ब्लाउज शिवायचा?"

"केबिनच. पण अंगाबरोबर बसली पाहिजे."

आरटीओची परवानगी आधी काढली, मग कटर लावला. हौदा उतरवला, आखूड केला. केबिनची मागची भिंत कापली. तेवढ्या वेळात दादा जे चहाला गेले, ते आवाज थांबल्यावरच परतले. त्याच जातीच्या एका भंगारात निघालेल्या गाडीचे मागचे खांब मिळाले, पण छत काही जुळेना. आमच्या जुन्या केबिनच्या छताला एक बाक आहे, तसा आता कुणी काढत नाही. तो पत्रा मी मालकांना विचारून कारखान्यात स्वतः वाकवला. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा असा बसला की जोड कुठं आहे हे मिस्त्रींनाही बोट फिरवून शोधावं लागलं. एका बाजूला अर्धं दार काढलं, कारण पुढची सीट पाडून मागे चढणं आईला जमणारं नव्हतं. खाली बुटकी पायरी, आत मऊ सीट, पट्टा, काच. वर तोच जुना हिरवा रंग.

पहिल्या पहाटे दादांनी नारळ फोडला. मी दार उघडून उभी. आईने आत हात फिरवला, काच वरखाली करून पाहिली. म्हणाली, "लय भारी केलंस गं. वाऱ्याचं नाव नाय." आणि शेवंतीचे क्रेट उचलून एकावर एक नव्या सीटवर ठेवले. दार लावलं. पदर खोचला आणि हौद्याच्या फळीला हात घातला.

"आई! ती जागा तुझी आहे!"

"मग झेंडूची ताडपत्री कोण धरणार? तुझा कारखाना?"

दादा हसायला लागले ते थांबेचनात. मी मात्र ताडपत्रीकडे पाहिलं. ताडपत्री दोरीने आवळली की वरच्या थरातला झेंडू चेंबतो; दादा एकटे जायचे तेव्हा तेच व्हायचं. म्हणून ती हाताने धरायची, वाऱ्याबरोबर सैल सोडायची. हे मला माहीत होतं. अनेक वर्षं दुसरं टोक मीच धरलं होतं. इतकं अंगवळणी पडलेलं, की ड्रॉइंग काढताना ते काम आहे हे डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशीही आई घरीच राहिली. मी रजा टाकली आणि दादा बाजारातून परतल्यावर गाडी पुन्हा फाट्यावर नेली. हौद्यावर पाइपाच्या कमानी टाकल्या, फुलांच्या वर वीतभर मोकळ्या. ताडपत्री आता कमानींवर ताणून बसते, फुलाला शिवत नाही. केबिनच्या मागच्या काचेच्या जागी सरकती काच बसवली, कारण पुढचा प्रश्न काय येणार हे मला कळलं होतं.

दुसऱ्या पहाटे तो आलाच. "आणि पाणी कोण शिंपडणार?"

मी काच सरकवून दाखवली. आईने सीटवर बसून हात मागे घातला. तो पहिल्या क्रेटपर्यंत पोचला. तिने पाण्याची बाटली मागितली, थोडं शिंपडलं, काच लावली, पुन्हा उघडली.

"शेवंती?" तिने विचारलं.

"कमानीखाली. वारा लागणार नाही."

आणखी काही सापडतंय का, असं तिने जरा इकडेतिकडे पाहिलं. मग पट्टा ओढला आणि पुढे बसलेल्या दादांच्या खांद्याला बोट लावलं. "चला की. बाजार काय आपल्यासाठी थांबलाय?"

फुलबाजारात दादांनी गाडी मुद्दाम मधोमध उभी केली. येणाऱ्याजाणाऱ्याला छतावर थाप मारून सांगत होते, "जोड दाखव, चहा माझ्याकडून. पोरीनं केलंय." आई तोवर तिच्या जागेवर बसून कुणाशी तरी भावावरून भांडायला लागली होती.

डॉक्टरांनी आता ती गाडी पाहिली आहे आणि हो म्हटलं आहे. श्रावणातल्या पावसात फुलं घेऊन त्र्यंबकला गेली, तरी आई कोरड्या साडीत उतरते. गुलाब अजूनही पुढेच बसतो. त्याच्या मागे, माझ्या हातच्या छताखाली, माझी आई बसते आणि रोज बाजाराला जाते.